मदत हवी आहे: सांगलीत सीडी लायब्ररी आहे, ब्लू-रे ठेवू का? साधी माणसं खरंच नेतील का?

कृष्णाकाठ (डिसेंबर २०१०):

मंडळी, धंद्यातला प्रश्न आहे. जाणकारांनी तर सांगावंच, पण त्याहून जास्त घरी बसून साधेपणानं पिक्चर बघणाऱ्यांनी सांगावं ही विनंती.

सांगलीत आमची सीडी-डीव्हीडीची लायब्ररी आहे, वडिलांनी व्हीएचएस कॅसेटींपासून सुरू केलेली, मग व्हीसीडी आली, मग डीव्हीडी, आणि आता डिस्ट्रिब्युटर मागं लागलाय की नवीन वर्षात ब्लू-रे (डीव्हीडीसारखीच डिस्क, पण चित्र कितीतरी बारकाव्याचं) भरा, डीव्हीडी दोन वर्षांत संपणार. हॉलिवूडची एक ब्लू-रे हजाराच्या आसपास पडते, काही त्याच्याही वर, हिंदी जरा स्वस्त पण मोजक्याच, आणि त्याच पैशात डीव्हीडीचा गठ्ठा येतो. मोजर बेअरनं २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ रुपयाला काढली तेव्हापासून लोकांच्या डोक्यात तोच भाव बसलाय, भाड्यानं कशाला न्यायची विकतच घेऊ म्हणणारी गिऱ्हाइकं तेव्हाच गेली. जी राहिलीत त्यांना मी एका ब्लू-रेचं दिवसाचं साठ रुपये भाडं सांगितलं तर ती नेतील का, हा माझा मूळ प्रश्न.

मला काय वाटतं ते सांगतो. कॅसेटवरनं लोकं व्हीसीडीवर आली ती चित्र चांगलं म्हणून नाही आली, व्हीसीडीचं चित्र कॅसेटपेक्षा फार भारी कधीच नव्हतं, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं ते. लोकं आली कारण रिवाइंड करायला नको, पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरायची ते नको, हेड साफ करायला नको, आणि प्लेअर स्वस्त. मग व्हीसीडीवरनं डीव्हीडीवर आली तेव्हा पण तसंच, हिंदी पिक्चर म्हणजे दोन नाहीतर तीन डिस्का, ऐन रंगात आला की कुणीतरी उठायचं आणि बदलायची, ते सगळं एका डिस्कवर आलं, आणि घरातल्या जुन्या व्हीसीडी त्याच प्लेअरवर चालत राहिल्या. म्हणजे दोन्ही वेळेला लोकांनी त्रास कमी झाला म्हणून पैसे टाकले. ब्लू-रे आल्यानं कुठला त्रास कमी होतोय? मला तरी दिसत नाही. चित्र आणि आवाज चांगला, बस एवढंच, आणि त्यासाठी टीव्ही नवीन, प्लेअर नवीन, केबल नवीन.

टीव्हीचं म्हणाल तर एलसीडी मात्र जोरात जातायत. फेब्रुवारीत वर्ल्डकप सुरू होतोय, फायनल २ एप्रिलला वानखेडेवर, त्यामुळं हरभट रोडच्या दुकानांत आत्तापासून चौकशी चालू आहे. पण टीव्ही मोठा झाला म्हणून माणूस ब्लू-रेकडं वळतो असं मला दिसत नाही. विश्रामबागेतल्या एका काकांनी दिवाळीला ३२ इंची एलसीडी घेतला आणि आठवड्यात दुकानात आले की तुमच्या डीव्हीडीचं चित्र खराब आहे. मी घरी जाऊन बघितलं. प्लेअर पिवळ्या पिनेवर, म्हणजे सगळ्यात साध्या जोडणीवर लावलेला, चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं त्यामुळं माणसं आडवी फुगलेली, आणि शोरूममधलं भडक सेटिंग तसंच राहिलेलं, सगळ्यांचे चेहरे नारिंगी. मी मेनूत जाऊन रंग खाली आणले, ताण काढला, तर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या आल्या. काका म्हणाले, "अहो एवढा मोठा टीव्ही घेतला आणि तुम्ही तो लहान केलात, होता तसा करा." केला परत तसा. चेहरे नीट झाल्यावर मात्र त्यांची तक्रार संपली.

ही माणसं माझी गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यांना कमी समजतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांना पिक्चर बघायचाय, रेघा मोजायच्या नाहीत. पण उद्या खरंच सगळे एचडीवर (जास्त बारकाव्याच्या चित्रावर) गेले आणि माझ्याकडं काहीच नसेल तर दुकान बसेल, घर याच्यावर चालतं. तर ज्यांच्याकडं ब्लू-रे प्लेअर आहे त्यांनी सांगा की महिन्यातनं किती वेळा लावता, आणि ज्यांच्याकडं नाही त्यांनी सांगा काय झालं तर घ्याल. दुसऱ्या गावचे लायब्ररीवाले असतील तर फारच बरं.

---

नीरजा_न्यूजर्सी:

इकडचं सांगते, ताडून बघा. इकडे गेल्या वर्षी १२ जूनला मोठ्या स्टेशनांचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं, त्याआधीपासूनच घरोघरी मोठे सपाट टीव्ही आलेले. तरी आमच्या ओळखीतले बरेच जण अजून डीव्हीडीच आणतात. आधी एचडी डीव्हीडी (तोशिबाची तशीच दुसरी डिस्क) आणि ब्लू-रेचं भांडण होतं, कुठलं घ्यावं कळेना म्हणून लोकं थांबली. २००८ च्या जानेवारीत वॉर्नरनं ब्लू-रेची बाजू घेतली आणि फेब्रुवारीत तोशिबानं एचडी डीव्हीडी बंदच केली, भांडण मिटलं, पण तोवर थांबायची सवय लागलेली. नेटफ्लिक्स पोस्टानं डिस्क पाठवतं, ब्लू-रे हवी तर महिन्याला जादा पैसे, आम्ही ते सुरू केलं होतं, नंतर काढून टाकलं कारण मुलं सरळ इंटरनेटवरनंच बघायला लागली, चित्र डीव्हीडीएवढंच असतं पण उठायला लागत नाही. आणि ब्लॉकबस्टर, एवढी मोठी भाड्याची साखळी, तिनं या सप्टेंबरात दिवाळखोरी जाहीर केली, दुकानात ब्लू-रेची रांगच्या रांग असून. तुम्ही म्हणताय ते त्रासाचं अगदी बरोबर आहे हो.

---

मंदार_हिशोबी:

हिशोब देतो. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा कळतो. त्यावरनं काढलं तर ३२ इंची पडद्यावर ब्लू-रेच्या चित्रातल्या १०८० आडव्या रेघांचा पूर्ण फायदा घ्यायला साधारण सव्वाचार फुटांवर बसायला पाहिजे, आणि आठ फुटांच्या पलीकडं गेलात की डीव्हीडीच्या ५७६ रेघासुद्धा वेगळ्या दिसत नाहीत. आपल्याकडं हॉलमध्ये टीव्ही एका भिंतीला, सोफा दुसऱ्या भिंतीला, मधे दहा फूट. ४२ इंचीला हेच आकडे साडेपाच आणि दहा फूट होतात, म्हणजे तिथं फरक जेमतेम सुरू होतो. ५५ इंची घेतला तर सात आणि तेरा, तेव्हा कुठं दहा फुटांवरनं ब्लू-रे बघायला मजा येईल. तुमच्या गिऱ्हाइकांत ४२ च्या वर किती जण आहेत ते आधी बघा, तोच तुमचा आकडा. मात्र चित्र दाबून लहान जागेत भरलं की पडतात ते कॉम्प्रेशनचे ठोकळे लांबूनही दिसतात, त्यामुळं चांगली डीव्हीडी आणि कोंबलेली डीव्हीडी यातला फरक कोणालाही कळतो. एका डिस्कवर सहा-सहा पिक्चर घातलेल्या असतात त्या एलसीडीवर बघवत नाहीत. व्हीसीडी तर नाहीच, जुन्या डब्यावर ती मऊ होऊन खपून जायची.

---

डिस्कवाला_नाशिक:

दादा, मी पण याच धंद्यातला. मी थोड्या ब्लू-रे ठेवल्यात, नेतात ती पीएसथ्रीवाली (ब्लू-रे चालणाऱ्या प्लेस्टेशन ३ या गेमच्या मशीनवाली) पोरं, बाकी कोणी नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डीव्हीडीत डेटा अर्धा मिलिमीटरहून थोडा खोल असतो, म्हणून ओरखडा आला की आपण मशीनवर घासून परत चालू करतो. ब्लू-रेत तो पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, वर कडक कोटिंग असतं त्यानं लवकर ओरखडत नाही हे खरं, पण एकदा खोल गेला तर घासून उपयोग नाही, कोटिंगच निघतं. भाड्याच्या धंद्यात हजाराची डिस्क अशी गेली की पुढची वीस भाडी गेली समजा. दुसरं म्हणजे नवीन पिक्चर आला की कधीकधी प्लेअरचं सॉफ्टवेअर नवीन करायला लागतं नाहीतर डिस्क चालत नाही, गिऱ्हाईक मात्र तुम्हालाच फोन करणार. आणि कोणी अमेरिकेतनं डिस्का पाठवतो म्हणाला तर रिजन (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते) बघून घ्या, तिकडं ए आणि आपल्याकडं सी, सगळ्या अडत नाहीत पण अडली की वांधा.

---

अबोली:

मी साधी बघणारी, म्हणून लिहिते. आमच्याकडं ३२ इंची आहे, ब्लू-रे घेणार नाही. मला जुने मराठी पिक्चर नीट बघायचेत, आईला दाखवायचेत, आणि बाजारात मिळतात त्या व्हीसीडीत गाणी मधेच तुटतात, आवाज पुढेमागे, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह सतत. एका नामांकित कंपनीची डीव्हीडी हौसेनं घेतली तर आत व्हीसीडीचंच चित्र मोठं करून भरलेलं. मूळ ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये केवढं तरी असतं, ते कोणी नव्यानं स्कॅनच करत नाही, टीव्हीसाठी कधीतरी टेपवर उतरवलं तेच फिरवत राहतात. त्या टेपमध्येच ५७६ च्या वर काही नाही तर ब्लू-रेवर घालून काय वेगळं दिसणार? पुण्यात २००३ ला फिल्मच्या गोदामाला आग लागून जुनं कितीतरी गेलं, जे उरलंय ते तरी नीट उतरवा की. उद्या स्वच्छ उतरवलेला जुना मराठी पिक्चर ब्लू-रेवर आला तर मी प्लेअर घेईन, खरंच सांगते.

---

बार्शीचा_बाळू:

भाऊ आमच्याकडं सहा-सात तास लोडशेडिंग, लाईट आली की आधी मोटर, मग टीव्ही. नवीन टीव्हीला यूएसबीचं भोक असतंय, पोरं पेनड्राइव्हवर पिक्चर आणत्यात आणि लावत्यात, मेमरी कार्ड भरून देणारी मोबाईलची दुकानं झालीत गल्लीगल्लीत. तुमची भीती ब्लू-रेची नाही, ह्याची पाहिजे.

---

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट उत्तर मिळेल वाटलं नव्हतं.

बाळूदादा, पेनड्राइव्हचं तुम्ही म्हणताय ते रोज बघतोय, शाळेसमोरच असं एक दुकान आहे. इंटरनेटचं मात्र आपल्याकडं अजून लांब वाटतं. २५६ केबीपीएसच्या लाईनवर २५ जीबीची ब्लू-रे उतरवायला नऊ दिवस लागतात, साधी डीव्हीडी सुद्धा चाळीस तास, तेही लाईट न जाता. ३जी सुरू होतंय म्हणतात, बघू. एचडी घरात येईल ती मला वाटतं डिशवरनं येईल, टाटा स्कायनं यंदा आणलंच, दूरदर्शननं कॉमनवेल्थ गेम्स एचडीत दाखवले, मॅच बघायला लोकं तो बॉक्स घेतीलही, कारण तो एकदा लावला की झालं, रोज काही करायला नको. डिस्कसाठी परत वेगळा खर्च कोणी करेल असं तुमची उत्तरं वाचून वाटत नाही.

मंदारराव, तुम्ही सांगितल्यावर मी कालपासून येणाऱ्या प्रत्येकाला टीव्हीचा इंच विचारतोय. ३२ च्या वरचे अगदी थोडे निघाले, आणि २१ इंची डब्बावाले अजून निम्म्याहून जास्त.

तर आत्ता असं ठरवतोय की ब्लू-रे नाही, डिस्ट्रिब्युटरला तसं सांगतो. त्याऐवजी ज्या पिक्चरांच्या माझ्याकडं फक्त व्हीसीडी आहेत आणि अजून मागणी आहे, त्यांच्या चांगल्या डीव्हीडी शोधून बदलायच्या, कारण एलसीडी घेतलेल्या माणसाची खरी तक्रार व्हीसीडीची आहे. एकेक डीव्हीडी स्वतः लावून बघूनच ठेवणार, कोंबलेल्या परत. आणि ज्यांच्या घरी नवीन टीव्ही आलाय त्यांच्याकडं जाऊन एकदा रंग आणि पिना नीट करून द्यायच्या, पैसे न घेता, त्यानं गिऱ्हाईक टिकेल असं वाटतं.

अबोलीताई, तुम्हाला हव्या असलेल्या जुन्या पिक्चरांची नावं इथंच लिहा, माझ्याकडं वडिलांच्या काळातल्या कॅसेटी अजून आहेत, काही व्हीसीडीपेक्षा बऱ्या निघतील. आणि नाशिकवाले दादा, ते डिस्क घासायचं मशीन तुम्ही कुठलं वापरता, हाताचं की मोटरचं, आणि एका पॅडवर किती डिस्का होतात, जमलं तर व्यनि करा.