‘मिलिंदपञ्ह’ त्रिपिटकात धरावा का?

पालीवाचक : म्यानमारच्या पाली त्रिपिटकात, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या संग्रहात, खुद्दकनिकाय या संकीर्ण ग्रंथांच्या विभागामध्ये ‘मिलिंदपञ्ह’, ‘नेत्तिप्पकरण’ आणि ‘पेटकोपदेस’ हे ग्रंथ आहेत, थायलंडच्या आवृत्तीत ते नाहीत. मला थाई परंपरेचा निर्णय योग्य वाटतो. ‘मिलिंदपञ्हा’तील भिक्षू नागसेन आणि मिलिंद राजा, म्हणजेच इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, यांचा संवाद कितीही मार्मिक असला तरी बुद्धांच्या काळाशी त्याचा संबंध पोहोचत नाही. रथ हे जसे भागांच्या जुळणीला दिलेले नाव तसाच माणूस, हा त्यातला रथाचा दृष्टान्त मला अतिशय प्रिय आहे, पण प्रिय असणे आणि पिटकात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

वाटसरू : हाच निकष लावायचा, तर अभिधम्मातील, म्हणजे त्रिपिटकाच्या तात्त्विक विभागातील, ‘कथावत्थु’चे काय? तो मोग्गलिपुत्त तिस्स यांनी अशोकाच्या काळात पाटलिपुत्रच्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या धर्मपरिषदेत, सांगितला, असे थेरवादी परंपराच मानते, आणि तरीही त्याचे स्थान म्यानमार, थायलंड आणि श्रीलंका या तिन्ही देशांत निर्विवाद आहे.

पालीवाचक : त्याचे उत्तर अट्ठकथेत, म्हणजे पाली भाष्यात, आहे. मातिका, म्हणजे विषयांचा आराखडा, बुद्धांनी घालून दिला आणि तिस्सांनी त्याचा विस्तार केला, असे ‘अट्ठसालिनी’ म्हणते. ‘मिलिंदपञ्हा’ला असा आधार नाही.

वाटसरू : तो आधार आक्षेप आल्यानंतर शोधलेला दिसतो. शिवाय ‘थेरगाथा’ या खुद्दकनिकायातील ज्येष्ठ भिक्षूंच्या गाथासंग्रहातील तेकिच्छकारी थेर अशोकाचा पिता बिंदुसार याच्या काळातले, असे भाष्यकार धम्मपालांची अट्ठकथा स्वतःच सांगते. त्यांच्या गाथा कोणी वगळल्या नाहीत, म्हणजे काळाची रेषा परंपरेने स्वतःच ओलांडली आहे.

अभ्यासिका : दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. भाष्यकार बुद्धघोषांनी नोंदवले आहे की, ग्रंथ मुखोद्गत ठेवणाऱ्या भाणकांमध्येच एकमत नव्हते: दीघभाणक ‘चरियापिटक’ आणि ‘अपदान’ हे ग्रंथ खुद्दकनिकायात मोजत नसत, मज्झिमभाणक मोजत असत. खुद्दकनिकायाची कड पूर्वीपासूनच सैल असेल, तर म्यानमारच्या भिक्षुसंघाने काही नियमभंग केला असे म्हणता येत नाही.

पालीवाचक : मतभेद होते, हे मान्य, पण तो वाद पूर्वीपासून पाठात असलेल्या ग्रंथांविषयी होता. बुद्धघोषांनी ‘मिलिंदपञ्हा’तील वचने प्रमाण म्हणून वारंवार उद्धृत केली, तरी खुद्दकनिकायाचे ग्रंथ मोजताना त्याचे नाव घेतले नाही. इतका आदर असूनही ज्यांनी तो यादीबाहेर ठेवला, त्यांचा विवेक मला आजही पुरेसा वाटतो.

वाटसरू : मग महापरिनिब्बानसुत्तातील महापदेसांचे काय करणार? वचन कोणाच्याही तोंडून ऐकले तरी ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे, जुळले तर स्वीकारावे, असे तिथे सांगितले आहे. त्या कसोटीवर नागसेनांचे कोणते उत्तर अपुरे पडते, ते आपण दाखवावे.