मारा म्हणजे गाड्यांची जत्रा? मग ऑगस्टात जाता कशाला!

गवताळ:
काल हौशी_प्रवासी यांनी लिहिलं की केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात दोघांचे साडेपाच लाख पाण्यात गेले, प्राण्यांपेक्षा गाड्याच जास्त, त्यापेक्षा आपला ताडोबा बरा. तिथेच उत्तर देणार होतो पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय. अहो, तुम्ही ऑगस्टात गेलात, विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडतात त्या क्रॉसिंगवरच ठाण मांडलंत आणि वर गर्दी होती म्हणून रडताय? आषाढीला पंढरपूरला जाऊन रांग फार होती म्हणण्यातला प्रकार. मी फेब्रुवारीत गेलो, टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुटूला. तेव्हा विल्डबीस्टची वीण चालू असते. नजर पोचेल तिथवर आखूड गवत आणि त्यात माद्या नि पिल्लं, बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात, म्हणजे तरसांनी खाऊन खाऊन खाणार किती! पिल्लू पडल्यावर काही मिनिटांत उभं राहून आईमागे पळतं, हे डोळ्यांनी बघितलंय. एका चित्तिणीपाशी दोन तास होतो, आमची धरून गाड्या तीन.

हौशी_प्रवासी:
'रडताय' वगैरे शब्द जपून. फेब्रुवारीत मुलीची दहावी होती, रजा काय तुम्ही देणार होतात? जुलै ते डिसेंबर माराची फी माणशी दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. दुप्पट पैसे मोजून मी बघितलं काय, तर पुढच्या लँड क्रूझरची स्टेपनी. नियम म्हणे एका प्राण्यापाशी पाचच गाड्या. मी चाळीस मोजल्या. दोन तर अगदी काठावर आडव्या लावलेल्या, कळप तासभर घुटमळला आणि परत गेला.

नैरोबीकर:
अकरा वर्षं इथे राहतोय म्हणून बोलतो. गाड्यांचं खरं आहे, लाज वाटावी इतकं खरं. पण ड्रायव्हरला "त्याच्या पुढे घाल" कोण सांगतं? मागे बसलेला पाहुणाच, आणि टिप त्याच्याच हातात असते. नदीच्या पश्चिमेला माराचाच मारा ट्रँगल हा भाग आहे, तिथे रेंजर जास्त कडक आहेत. नाहीतर नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत, मसाई लोकांच्या जमिनी भाड्याने घेऊन चालवलेल्या, तिथे तंबू मोजके, गाड्या मोजक्या. महाग आहे, हे मान्य.

सुगरण_सातारा:
टूरवाले या गोष्टी सांगतच नाहीत हो! आम्हाला तर केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे हेसुद्धा सांगितलं नव्हतं. बावीस जणांच्या चकल्या, चिवडा, शंकरपाळी सगळं कॅरीबॅगांत. नैरोबीच्या विमानतळावर पिशव्या काढून घेतल्या, मी अर्धा किलो चकल्या शालीत बांधून मारापर्यंत नेल्या.

गवताळ:
आणि सिंहिणीसमोर बसून कुर्रकुर्र खाल्ल्या असतील. आमच्या गाडीतही होती अशी मंडळी.

सुगरण_सातारा:
'अशी मंडळी' म्हणजे? मला डायबेटिस आहे. पहाटे सहाला निघून साडेदहाला नाष्टा, मधे चक्कर आली तर तुमची चित्तीण येणारे का पाणी घेऊन?

हौशी_प्रवासी:
चकली तर चकली, आमच्या मागच्या सीटवर एक काका व्हिडिओ कॉलवर नातवाला झेब्रा दाखवत होते. मोठ्याने. झेब्रा सोडून आम्ही सगळे दचकलो.

नैरोबीकर:
एवढं वाहून आणता कशाला हे मला कधीच कळलं नाही. चपाती इथे टपरीटपरीवर मिळते, नावही चपातीच. १८९६ पासून रेल्वे बांधायला आपल्याकडचे मजूर आणले, त्यांच्यामागून दुकानदार आले, तेव्हापासून रुजलीय. सुकुमा विकीची पालेभाजी, गरम चपाती, आणखी काय पाहिजे?

सुगरण_सातारा:
चपातीला खमंगपणा असतो का? काहीही.

मोहर्लीवाला:
ताडोबा बरा म्हणे! रविवारी या न भाऊ ताडोब्याच्या आमच्या मोहर्ली गेटवर, एका वाघिणीमागं वीस जिप्सी उभ्या रायते. आन् तुमाले वाघ दिसला की फोटो, आमाले दिसला की घरातली बाई दार लावून घेते. माहा चुलता मोहफुलं वेचाले गेला, आलाच नाही. त्या मसाई लोकायलेही १९५९ साली सेरेंगेटीतून उठवून न्गोरोन्गोरोकडं धाडलं होतं, ढोरं चारायची जमीन गेली. त्याच्यावर कोणी एक ओळ लिहिली नाही, चकलीवर मात्र सगळे बोलून राहिले.

गवताळ:
चुलत्यांचं वाचून खरंच वाईट वाटलं. मसाईंचं म्हणाल तर ते मी लिहायला हवं होतं, गाईडने सांगितलेलं होतं. ताडोब्याचंही बरोबर, गर्दीला देश नसतो. पण हौशी, तुमचा धागा तरी चुकलाच, वेळ चुकवून जागेला शिव्या.

हौशी_प्रवासी:
बरं बाबा, जागा चांगली, मी वाईट. फेब्रुवारीत जातो, पैसे तुम्ही भरा. आणि ते यलो फीव्हरचं इंजेक्शन दहा दिवस आधी घ्यायला लागतं, ते एकदा टोचून घेतलंय, जन्मभर चालतं. तेवढा एकच खर्च वसूल व्हायचाय.

सुगरण_सातारा:
मोहर्लीवाले भाऊ, मे महिन्यात आम्ही आठ जणी येतोय ताडोब्याला. खायला काय मिळतं?

मोहर्लीवाला:
जेवण घरचं देतो ताई. मोबाईल गेटवर ठेवा लागते. चकल्या कागदात बांधून आणजा.