मदत हवी आहे: तरुण वयातला पार्किन्सन्स, एक्झोममध्ये काहीच सापडत नाही

मांजराकाठ
रुग्ण पुरुष, सुरुवात २६ व्या वर्षी. आधी चालताना उजवं पाऊल आत वळायचं, मग कंप. लेव्होडोपा या औषधाने चांगला फरक पडला, पण लवकरच नको त्या हालचाली सुरू झाल्या. आईवडील सख्खी आते-मामे भावंडं, आपल्याकडे मामाची मुलगी करतात तसं. त्या दोघांना आजार नाही. एक भाऊ आणि एक बहीण, दोघं ठणठणीत.

रुग्णाचा आणि दोन्ही भावंडांचा एक्झोम (डीएनएतल्या फक्त प्रथिनं बनवणाऱ्या भागांचं वाचन) हातात आहे, सरासरी डेप्थ (एक जागा किती वेळा वाचली गेली) ८५. त्याच किटवर, त्याच खेपेत झालेले नात्याबाहेरचे ११ नमुनेही आहेत. अलाइनमेंट (वाचलेले डीएनएचे तुकडे, म्हणजे रीड, जागेवर बसवणं) बीडब्ल्यूए-मेमने जीआरसीएच३८ या मानवी संदर्भ-जीनोमवर, व्हेरियंट (संदर्भापेक्षा वेगळ्या जागा) जीएटीकेने. लोकसंख्येतली वारंवारता १ टक्क्याच्या आत, रुग्णात होमोझायगस (दोन्ही प्रतींत तोच बदल), भावंडांत तसा नाही, असं गाळल्यावर १४ व्हेरियंट उरले. पार्किन्सन्सचं एकही जनुक त्यात नाही. पार्किन, पिंक१, डीजे-१ तिन्ही कोरी. सॉर्टिंग चालू असताना लोडशेडिंगमध्ये मशीन दोनदा बंद पडलं, त्यात बॅम फाइल (जागेवर बसवलेल्या रीडची) बिघडली असेल का? की आता होल जीनोमच (अख्ख्या डीएनएचं वाचन) करावा? तो खर्च कुटुंबाला झेपणारा नाही.

बालाघाट
होल जीनोम आत्ता नको. उत्तर बहुधा तुमच्या बॅममध्येच आहे, फक्त व्हीसीएफमध्ये (व्हेरियंटच्या यादीत) ते दिसणारच नाही.

पार्किन जनुक सुमारे १४ लाख बेसचं (डीएनएची अक्षरं), एक्झॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) फक्त १२, आणि ते बसलंय क्रोमोसोम ६ च्या एका ठिसूळ जागी. त्यामुळे तिथे अख्खे एक्झॉन गळण्याचं प्रमाण मोठं आहे. १९९८ मध्ये जपानी कुटुंबांत हे जनुक सापडलं तेही एक्झॉन गळाल्यामुळेच. एक्झॉन दोन्ही प्रतींतून गेला तर तिथे एकही रीड नसतो. रीड नाही म्हणून व्हेरियंट नाही, आणि व्हेरियंट नाही म्हणून आपण जनुक 'कोरं' समजतो.

मॉसडेप्थ या डेप्थ मोजणाऱ्या प्रोग्रामला किटची बेड फाइल (किट कुठले भाग वाचतं त्यांची यादी) द्या, मॅपिंग क्वालिटी (रीड योग्य जागी बसल्याची खात्री) २० च्या वरचे रीड घ्या आणि पार्किनच्या बाराही एक्झॉनची डेप्थ सगळ्या १४ नमुन्यांत काढा. प्रत्येक आकडा त्या नमुन्याच्या एकूण सरासरीने भागा, मग ११ जणांच्या मध्यकाने भागा. १ च्या आसपास म्हणजे दोन प्रती, ०.५ म्हणजे एक, ० म्हणजे एकही नाही. भावंडांना तुलनेच्या गटात घेऊ नका. त्यांच्यात कुणी वाहक (एकाच प्रतीत दोष असलेला, स्वतः निरोगी) असला तर मध्यक खाली ओढला जातो. हेच एक्झोमडेप्थ या प्रोग्रामलाही लागू.

सांभाळायच्या दोन गोष्टी. बाराही एक्झॉन शून्य आले तर ते बहुधा डिलीशन (तुकडा गळणं) नव्हे, बेड फाइल जुन्या एचजी१९ संदर्भाची आहे. तिथे हे जनुक सुमारे ४ लाख २० हजार बेस पुढे आहे. दुसरं, जुन्या अ‍ॅनोटेशनमध्ये (जनुकांची नावं लावणाऱ्या यादीत) पार्किनचं नाव 'पार्क२' आहे. नव्या नावाने फिल्टर लावला तर ओळ असूनही हाती काही लागत नाही.

लाइट गेल्याची शंका सॅमटूल्सच्या क्विकचेकने (फाइल पूर्ण आहे का ते बघणाऱ्या आदेशाने) मिटेल. सॉर्ट झालेली फाइल अर्धवट राहिली तर शेवटची क्रोमोसोम गायब होतात, मधला एखादा एक्झॉन नाही. पुढच्या वेळी आउटपुट तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदला.

तेरणा
डॉक्टरांनी विल्सन आजार (शरीरात तांबं साठणं) नक्की वगळलाय ना? रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्यातली कडी. विल्सनचं एटीपी७बी जनुकही याच फाइलीत बघून घ्या. त्यावर औषध आहे, म्हणून हे आधी.

नात्यातल्या लग्नाचा उपयोग असा करा. आते-मामे भावंडांच्या अपत्यात सरासरी १/१६, म्हणजे ६.२५ टक्के जीनोम दोन्हीकडून एकसारखा येतो. प्रत्यक्षात हा आकडा बराच वरखाली होतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं झाली असतील तर वाढतो. बीसीएफटूल्सच्या आरओएच आदेशाने असे एकसारखे पट्टे काढा, दक्षिण आशियाई वारंवारता देऊन. पार्किनच्या दोन्ही बाजूंना लांब एकसारखा पट्टा असेल तर डिलीशनवर विश्वास बसतो. पट्टा नसेल तर दोन वेगवेगळी डिलीशन एकमेकांवर आलीत का ते तपासा: एकीकडून एक्झॉन २-३, दुसरीकडून ३-४ गेले तर ०.५, ०, ०.५ असं दिसतं.

आणि नात्यातलं लग्न आहे म्हणून फक्त होमोझायगसच शोधू नका. जीबीए१ हे एका प्रतीतल्या बदलानेही पार्किन्सन्सचा धोका वाढवणारं जनुक वेगळं बघा. त्याच्यापासून सुमारे १६ हजार बेसवर त्याचं छद्मजनुक (काम न करणारी जुळी प्रत) आहे, एक्झॉन ९६ टक्के सारखे. रीड कुठे बसवायचे हे अलाइनरला ठरवता येत नाही, मॅपिंग क्वालिटी शून्य होते आणि खरे व्हेरियंट गळतात.

मांजराकाठ
विल्सन वगळलेला आहे. क्विकचेक तिन्ही फाइलींवर स्वच्छ. पार्किनचे आकडे:
रुग्ण: एक्झॉन २ ला १.०४, ३ ला ०, ४ ला ०, ५ ला ०.९६.
भाऊ: ३ आणि ४ ला ०.५१ व ०.४८.
बहीण: सगळीकडे १ च्या आसपास.
बाकी ११ जणांत ३ आणि ४ ची डेप्थ ७० ते ९०. रुग्णात पार्किनच्या दोन्ही बाजूंना मिळून ११ मेगाबेसचा (१ कोटी १० लाख बेस) एकसारखा पट्टा आहे. पण ३ आणि ४ मिळून ३६३ बेस, ३ ने भाग जातो, फ्रेम (तीन-तीन अक्षरांनी प्रथिन वाचण्याचा क्रम) टिकते. मग हे खरंच आजाराचं कारण मानायचं?

बालाघाट
मानायचं. फ्रेम टिकली तरी ४६५ पैकी १२१ अमिनो आम्लं गेली. आजाराला कारण म्हणून हे डिलीशन आधीच नोंदलेलं आहे. फक्त एक्झोमवरून रिपोर्ट देऊ नका. एक्झॉन ३ आणि ४ चा साधा पीसीआर (नेमका तुकडा अनेक पट वाढवणं) करा, त्याच नळीत नियंत्रण म्हणून एक्झॉन ७. जेलवर रुग्णात ७ चा पट्टा दिसला आणि ३, ४ चा नाही, तर काम झालं. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होतं. भावासाठी मात्र ही जेल-चाचणी चालणार नाही, एका प्रतीवरही पट्टा उमटतो. त्याला एमएलपीए किंवा क्यूपीसीआर (प्रती मोजणाऱ्या चाचण्या) लागेल. आईवडिलांचेही नमुने घ्या, दोघं वाहक निघायला हवेत.

तेरणा
निष्कर्ष थेट कुटुंबाला सांगू नका, न्यूरॉलॉजिस्ट आणि जनुकीय समुपदेशकामार्फतच जाऊ द्या. भावाचं लग्न ठरायचं असेल तर हे त्यांच्या कानावर आधी घाला: आई वाहक, म्हणून मामा वाहक असण्याची शक्यता १/२, मामाच्या मुलीची १/४. मामी वाहक नाही असं धरून हा हिशोब आहे. भाऊ वाहक ठरला आणि लग्न मामाच्याच मुलीशी झालं, तर प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका १/१६. मुलगी तयार असेल तर तिची तपासणी लग्नाआधी करता येते, आणि ती वाहक नसेल तर या डिलीशनमुळे अपत्यांना आजाराचा धोका नाही.