केळीच्या वाखाची दारं: खरंच पर्यावरणाला बरी का?

रावेरकर (धागाकर्ता)
आमच्या रावेर-यावलकडे घड उतरला की केळीच्या खोडाचं काम संपलं. एक खोड एकदाच घड देतं, मग ते बांधावर सडत पडतं. परवा एका शेडमध्ये यंत्रावर खोडाचा वाख, म्हणजे धागे, काढताना पाहिला. पांढरट, चकाकता, आणि चांगली जुडी हाताने ओढून तुटेना. फायबरच्या दारांत, पत्र्यांत काचतंतूऐवजी हा घालता येतो. काचेची घनता घन सेंटिमीटरला 2.5 ग्रॅमच्या वर, याची 1.35 ग्रॅमच्या आसपास; वस्तू हलकी होते. काच वितळवायची भट्टीही नको. सरकारी इमारतींत अशीच दारं बसवावीत, असं माझं ठाम मत आहे.

साचेवाला
भाऊ, वीस वर्षं एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या, साच्यांवर काम करतोय. वाख शेतातला, कबूल. पण त्याला धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारा चिकट द्रव, पॉलिएस्टरच ना, खनिज तेलातून आलेलं! एकदा कडक झालं की ते पुन्हा वितळत नाही आणि कुजतही नाही. पूर्व जर्मनीच्या ट्रॅबंट गाडीचं अंग कापसाच्या टाकाऊ तंतूंचं आणि फिनॉलिक रेझिनचं होतं. 1957 ते 1991 मध्ये तीस लाखांवर गाड्या निघाल्या, आणि भंगारात गेल्यावर त्या अंगाचं करायचं काय, हा प्रश्नच होऊन बसला.

दुसरं म्हणजे पाणी. मी तागाचं कापड घालून न्हाणीघराचं दार केलं होतं. खालची कड कापली, ती रेझिनने बंद करायची राहिली. एका पावसाळ्यात कड फुगली आणि नखाने थर सुटायला लागले. तंतू पाणी पिऊन फुगतो, रेझिन तेवढं फुगत नाही, मग पकड जाते.

नेकारतीर
साचेवाला, तुमचं पॉलिएस्टरपुरतं खरं आहे. मी जर्मनीत गाड्यांच्या आतल्या भागांवर काम करते. इथे दाराच्या आतल्या पॅनलमध्ये जवस आणि भांगेचे तंतू पॉलिप्रॉपिलिन या वितळणाऱ्या प्लास्टिकसोबत गरम दाबतात. ते 165 अंशांच्या आसपास वितळतं आणि वाख 200 च्या पुढे करपायला लागतो, म्हणून तापमान मधल्या पट्ट्यात सांभाळावं लागतं. कातरण पुन्हा वितळवता येते. वाख आधी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात धुतला तर पकड सुधारते. पण पॅनल आत, कोरड्यात असतं. बाहेरच्या दाराची हमी मी देणार नाही.

अंबाडीची भाजी
धुण्याच्या पाण्याचंही बोला की! जगात ज्याला केनाफ म्हणतात ती आपली अंबाडीच. आमच्याकडे वाखासाठी तिच्या काड्या डोहात कुजवायचे, पाण्याला असा वास सुटायचा की गुरं तोंड लावत नसत. त्यात कॉस्टिकचं पाणी ओढ्याला सोडलं, तर पर्यावरणाचं नाव घेऊ नका.

रावेरकर
ताई, केळीचा वाख यंत्राने ओला खरवडून निघतो, कुजवावा लागत नाही. कॉस्टिकचं मात्र मान्य. त्या पाण्यातला क्षार मारून न टाकता ते सोडलं तर नुकसान आमच्याच शेतांचं. न्हाणीघरही सोडतो. पण आतल्या खोल्यांची दारं, वर्गातले बाक? तिथे काच कशाला हवी? साचेवाला, ती घासताना तुमच्याच कामावरच्या पोरांचे हात दिवसभर खाजतात ना?

साचेवाला
खाजतात. संध्याकाळी कोपरापर्यंत लाल होतात, म्हणून तर इतकं लिहितोय. बाकाचं मनावर घेतो. सरकारी सक्ती अजिबात पटत नाही, आधी चार पावसाळे काढलेला नमुना दाखवा. किलोभर वाख पाठवा, पण कडकडीत वाळवून. ओला आला तर रेझिनमध्ये बुडबुडे धरतात.