हवाई अंतराची अट काढली तर ऊस उत्पादक खरंच मोकळा होतो का?

चिपाड
"सरकारने धंद्यातून बाहेर पडावं" आणि "सरकार हटलं तर कारखानदार शेतकऱ्याला पिळून काढतील" या दोन वाक्यांपुढे आपल्याकडची चर्चा सरकत नाही. म्हणून एकच गोष्ट घेऊ. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांमध्ये 25 किमी हवाई अंतर लागतं. झोनबंदी, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, 1997 मध्ये उठली, म्हणजे कागदोपत्री ऊस कुणालाही घालता येतो. मग ही अट नेमकी कुणाचं रक्षण करते? आणि ती गेली तर एफआरपीची, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्या सरकारी किमान दराची, गरज उरते का? घोषणा नकोत, कलमं आणि आकडे सांगा.

पाचट
अट आली कुठून ते आधी. ऊस नियंत्रण आदेश 1966 हा अत्यावश्यक वस्तू कायदा 1955 च्या कलम 3 खाली काढलेला आहे. साखर उद्योगाचं परवाना राज 1998 मध्ये संपलं, पण अंतराची अट राहिली आणि 2006 मध्ये ती कलम 6ए म्हणून थेट आदेशातच घातली गेली. देशभर किमान 15 किमी, राज्याला वाढवायची मुभा. महाराष्ट्राने 25 केलं. अंतर रस्त्याने मोजत नाहीत. सरळ रेषेत मोजतात आणि त्याला भारतीय सर्वेक्षण विभागाचा दाखला लागतो.

नव्या कारखान्याला 1 कोटीची बँक हमी द्यावी लागते, दोन वर्षांत ठोस काम दाखवावं लागतं आणि चार वर्षांत उत्पादन सुरू करावं लागतं. मेख इथेच आहे. ज्याने कारखाना काढणार असं नुसतं निवेदन सरकारकडे दाखल करून हमी भरली, तोही तेवढा काळ जागा अडवून बसू शकतो. कारखाना कागदावर आणि आजूबाजूला दुसऱ्याला बंदी.

आता भूमिती. 25 किमी अंतर म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 12.5 किमी त्रिज्येचं वर्तुळ, क्षेत्रफळ 490 चौ.किमी, म्हणजे 49,000 हेक्टर. 5,000 टन रोज गाळणारा कारखाना 150 दिवस चालला तर त्याला साडेसात लाख टन ऊस लागतो. हेक्टरी 80 टन धरले तर 9,400 हेक्टर पुरतात. बागायती पट्ट्यात त्या वर्तुळात याहून कितीतरी जास्त ऊस उभा असू शकतो. 15 किमी ठेवलं तर वर्तुळ 17,700 हेक्टरचं होतं आणि तेही एका कारखान्याला कमी नाही.

बांधकरी
भूमिती बरोबर, पण ऊस वर्तुळात सारखा पसरलेला नसतो. अवर्षणात हंगाम 90-100 दिवसांवर येतो, खोडव्याचा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाचा) उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो, आणि कारखान्याचा व्याज-पगाराचा खर्च मात्र तेवढाच राहतो. दोन कारखाने एकाच उसावर जगायला लागले की दोघंही अर्ध्या क्षमतेने चालतात. सहकारी कारखान्यात सभासदांचं भागभांडवल अडकलेलं असतं, कर्जाला बऱ्याचदा शासनाची थकहमी असते. तो बुडाला तर भुर्दंड सभासदाला आणि करदात्याला.

शिवाय खुल्या स्पर्धेत तगडा खाजगी कारखाना दोन हंगाम टनाला 200 रुपये जास्त देईल, शेजारचा सहकारी बंद पाडेल, आणि तिसऱ्या हंगामात भाव पाडेल. तेव्हा शेतकरी कुठे जाणार?

तिसरी कांडी
@बांधकरी, तिसऱ्या हंगामात भाव पडले की नवा कारखाना उभा राहायला हवा. तो उभा राहत नाही तो याच अटीमुळे. मक्तेदारीची भीती दाखवून तुम्ही मक्तेदारीचं कुंपणच राखताय.

ऊस तोडला की 24 तासांत गाळावा लागतो, नाहीतर वजन घटतं आणि साखर उतरते. त्यामुळे कांद्यासारखं "आज नाही तर पुढच्या बाजाराला" असं इथे चालत नाही. एका दिवसाच्या वाहतुकीत दुसरा गिऱ्हाईक नसेल तर झोनबंदी उठली काय आणि राहिली काय, सारखंच.

आता पैशाचं बघा. 2024-25 ची एफआरपी क्विंटलला 340 रुपये, 10.25 टक्के उताऱ्याला. वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. उतारा 11.25 असेल तर 373.20, म्हणजे टनाला 3,732. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. समजा 850, तर हातात 2,882. ही वजावट कारखान्याच्या सरासरीने होते. कारखाना 60 किमीवरून ऊस आणत असेल तर त्याचं भाडं गेटजवळच्या शेतकऱ्याच्या बिलातूनही जातं. समूहवाद हवा असेल तर हा घ्या, एका पावतीवर छापलेला, आणि त्याला कुणी मतदान केलेलं नाही.

सरकार एरवी काय करतं तेही लक्षात ठेवा. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याने परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली, शेतकरी संघटना उठल्या तेव्हा काही दिवसांत मागे घेतली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली, नंतर मर्यादित मोकळीक दिली. इथेनॉलच्या भरवशावर कर्ज काढून आसवनी उभारलेल्यांचं गणित हंगामाच्या मध्यावर मोडलं.

पाचट
एक भर. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला, त्या हंगामाची एफआरपी 275 होती (10 टक्के उताऱ्याला). 2025-26 ला ती 355 आहे (10.25 ला). कच्च्या मालाचा दर सरकारचा, साखरेचा किमान दर सरकारचा, आणि 2018 पासून दर महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही सरकारचा. कारखाना खाजगी असो वा सहकारी, मालकाच्या हातात उरतं काय?

काटापावती
वादात एक व्यवहाराची गोष्ट राहून जाते. एफआरपी थकली तर काय करायचं?

ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे, उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज, असं आदेशातच आहे. काटा पावत्या आणि खातेउतारा जोडून प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे लेखी तक्रार द्या, प्रत पुण्याला साखर आयुक्तांकडे. व्याज वेगळं मागा, नाहीतर मुद्दल देऊन प्रकरण मिटवतात. आयुक्तांची सुनावणी झाली की आरआरसी निघते, म्हणजे थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करायचा आदेश. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, जप्ती तहसीलदार करतात.

अडतं ते जप्तीला. गोदामातली साखर बँकेकडे मालतारण असते. तहसीलदार कुलूप लावायला जातात तर बँकेचं कुलूप आधीच लागलेलं! म्हणून तक्रार हंगाम संपेपर्यंत धरून ठेवू नका, साखर अजून तयार होत असताना द्या. एफआरपीचे हप्ते पाडण्याचा फेब्रुवारी 2022 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला, त्यामुळे "उरलेलं हंगामानंतर" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

चिपाड
सगळ्यांचे आभार. मग क्रम काय असावा? आधी एफआरपी काढायची की अंतर?

तिसरी कांडी
आधी अंतर, मग कोटा, शेवटी एफआरपी. उलट केलंत तर एकच गिऱ्हाईक आणि दराला तळ नाही, अशी अवस्था होईल. रंगराजन समितीने 2012 मध्ये अंतराची अट आणि कारखान्यासाठी राखून ठेवलेलं उसाचं क्षेत्र काढा असं सांगितलं, आणि दरासाठी साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा, किंवा नुसत्या साखरेचा धरला तर 75 टक्के. केंद्राने 2013 मध्ये लेव्ही साखर (कारखान्यांनी सरकारला स्वस्तात द्यायचा साखरेचा वाटा) बंद केली, ते सोपं होतं. अंतर राज्यांवर सोपवलं, आणि राज्यात कारखाना कुणाचा आणि आमदारकी कुणाची हे वेगळं सांगायला नको.

बांधकरी
क्रम मान्य. फक्त अंतर काढण्याआधी बंद पडणाऱ्या सहकारी कारखान्यातल्या सभासदांच्या शेअरचं आणि थकहमीचं काय, हे लेखी ठरवा. आणि तोडणी-वाहतुकीची वजावट सरासरीऐवजी अंतराच्या टप्प्यांनुसार करा. गेटजवळच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा पहिल्याच बिलात दिसेल, त्यासाठी नवा कारखाना उभा राहायची वाट बघायला नको.