डोक्याला मार लागल्यावरची डोकेदुखी: नागपूरकरांनो, कामाचं तेवढं सांगा

गाडीवरून पडणं, जिन्यावरून घसरणं, कपाळावर काही आदळणं. टाके निघतात, सूज उतरते, डोकं मात्र ठणकतच राहतं. अशी दुखी मारानंतर साधारण 7 दिवसांत सुरू होते आणि 3 महिन्यांच्या पुढे टिकली की डॉक्टर तिला चिवट धरतात. अपघाताची कहाणी नको, उपयोगाचं लिहा, असं विचारलं. वेगवेगळ्या कामातल्या लोकांची उत्तरं खाली.

औषध दुकानातून

सगळ्यात मोठा घोळ वेदनाशामकांचा. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, संयुक्त गोळी (एकात दोन-तीन औषधं असलेली) 10 किंवा जास्त दिवस, असं 3 महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी घेतलेल्या दिवसावर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये गोल करा. गोळ्या मोजू नका, दिवस मोजा. एका दिवशी दोन घेतल्या तरी गोल एकच. डॉक्टरांनी गोळी बंद केली की पहिले 2 ते 10 दिवस दुखी उलट वाढते. नेमके तेव्हाच लोक दुकानात परत येतात.

रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन बहुधा 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. आतला कागद वाचून ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणून फेकू नका भाऊ, कमी डोसात ती डोकेदुखीवरही देतात. गुण यायला काही आठवडे जातात. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगा.

फिजिओथेरपी

मान वळवली की मानेमागून डोक्यात कळ चढते? मग मानेकडेही बघावं लागतं. हाडाला इजा नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच: भिंतीला पाठ टेकून बसा, हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढा, दुहेरी हनुवटी दिसेल इतकी. 5 सेकंद धरा, 10 वेळा, दिवसातून दोनदा. दुखेपर्यंत ओढायचं नाही.

महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नुकसानीचं. पहिले एक-दोन दिवस आराम, मग सपाट रस्त्यावर 15 मिनिटं चाला. दुखीला 10 पैकी आकडा द्या. चालताना तो 2 अंकांहून जास्त वाढला तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी 10 मिनिटंच. मे महिन्यात फुटाळा तलावावर जायचं तर सकाळी 7 च्या आत, पाणी पिऊन. घरात काळा चष्मा नको, डोळे उजेडाला आणखीच बुजतात.

कूलर दुरुस्तीवाला

मार लागल्यावर आवाज सहन न होणाऱ्याची झोप लोखंडी कूलरच्या खडखडाटानं मोडते. आधी प्लग काढा. मोटरचे नट आणि जाळीचे स्क्रू आवळा, स्टँडच्या चारही पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे द्या. पंप कोरडा चालला तर घरघरतो, पाणी बघा.

न्यूरो ओपीडीतली नर्स

मेडिकल असो की मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं), तपासायला जाताना सीटीची फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि ते कॅलेंडरचं पान आणा. ‘रोजच दुखते’ एवढ्यावरून फारसं काही ठरत नाही.

म्हातारी माणसं, दारू पिणारे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांना पहिला सीटी नॉर्मल असूनही काही आठवड्यांनी मेंदूभोवती रक्त साचू शकतं. दुखी चढतच जाणं, वारंवार उलटी, सुस्ती, बरळणं, फिटचा झटका, एका हाता-पायातली ताकद जाणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं: यातलं एकही दिसलं तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहायची नाही. 108 लावा आणि रुग्णाला स्कूटरच्या मागे बसवून आणू नका.