मदत हवी आहे: वर्ग सगळ्यांचा व्हावा म्हणून मुलांनाच सोबत कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. यंदा एस. वाय. बी. ए.ला ६२ मुलं आहेत. एक मुलगी पूर्ण अंध आहे. एका मुलाला कानाला मशीन लावूनही कमीच ऐकू येतं. धडगाव-अक्कलकुवा भागातली दहा-बारा मुलं घरी पावरी बोलतात. मराठी त्यांना येते, पण ती शाळेत शिकलेली. वर्गात उठून बोलायची वेळ आली की मान खाली जाते.

वर्षाच्या सुरुवातीला मला सुचलं ते मी केलं. अंध मुलीला नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या, शेजारी एक हुशार मुलगी बसवली आणि तिला सांगितलं, "हिला तू मदत करायची." कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पहिला बाक दिला. पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी जादा तास ठेवला.

यातलं काहीच चाललं नाही. माझ्या नोट्स जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, त्यामुळे तिचा मोबाइल त्या वाचताना नुसती अर्थहीन अक्षरं बोलत होता. महिनाभर ती मला काही म्हणाली नाही. शेजारची मुलगी रोज रात्री होस्टेलवर तिला वाचून दाखवायची आणि तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडला. पहिल्या बाकावरच्या मुलाला मी फळ्याकडे वळले की माझे ओठ दिसत नसत आणि मागून कोणी काही विचारलं तर ते कळतही नसे. जादा तासाला दोन आठवड्यांनी कोणी येईना. शेवटी एकीने सांगितलं, "मॅडम, त्याला सगळे ढ पोरांचा तास म्हणतात." ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण तो तास मीच सुरू केला होता.

मग ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली. खानदेशातला १८५७ चा उठाव शिकवत होते. इंग्रजांविरुद्ध लढलेला भिल्ल नायक खाज्या नाईक, एप्रिल १८५८ ची आंबापाणीची लढाई. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "इथून सैन्य असं वर आलं." अंध मुलीने विचारलं, "मॅडम, इथून म्हणजे कुठून?" मला पटकन सांगता येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरून धडगावचा एक मुलगा उठून तिच्यापाशी आला. वर्ष सुरू झाल्यापासून तो वर्गात एक शब्द बोलला नव्हता. तिला म्हणाला, "उजवा हात बाकावर आडवा ठेव, बोटं डावीकडे. हा सातपुडा. पलीकडून नर्मदा जाते, तुझ्या बाजूने तापी. दोन्ही कोपराकडून बोटांकडे वाहतात." तिला कळलं. खरं सांगायचं तर अर्ध्या वर्गाला तो भूगोल त्या दिवशीच कळला. मुलं आपापले हात बाकावर ठेवून बघत होती.

तेव्हापासून वाटतंय की काय करायचं ते मी एकटीने ठरवणंच चुकीचं होतं. माझ्या अडचणी अशा:

वर्गाला विचारायचं कसं, म्हणजे त्या दोघा-तिघांकडे सगळ्यांच्या नजरा वळणार नाहीत? काम कसं वाटायचं? आपणहून पुढे येतात त्या मुलीच, आणि त्याच त्या दोघी-तिघी. या कामाला अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत का? शिवाय सहकारी म्हणतात, मुलांना विचारत बसलात तर अभ्यासक्रम संपणार नाही. ही काळजी मलाही आहे.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मी वाचला आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ आमच्याकडे मिळतो. प्रश्न आहे तो वर्षभराच्या रोजच्या तासाचा.

---

प्रतिसाद १

मॅडम, मी स्वतः अंध आहे, बँकेत नोकरी करतो. आधी फॉन्ट बदला. जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलला नीट वाचता येईल अशा अक्षरांत, करून देणारे कन्व्हर्टर आहेत. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं तपासायला मुलांना बसवा. पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवू नका. संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि ते मराठी वाचतं.

दुसरं, एकाच मैत्रिणीवर सगळं सोपवू नका. मलाही एकच मित्र वाचून दाखवायचा. त्याच्याशी भांडण झालं तरी मी गप्प बसायचो, कारण उद्या वाचणार कोण? आणि वर्गात काही नवीन करण्याआधी तिला एकटीला गाठून विचारा. ती नको म्हणाली तर ते ऐका.

---

प्रतिसाद २

मी एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) काम बघतो. सगळ्या ६२ जणांना कोरी चिठ्ठी द्या, नाव न घालता. प्रश्न एकच: तासाला माझं कुठे तुटतं? अंध मुलीला चिठ्ठीऐवजी फोनवर सांगू द्या. उत्तरं आली की बघा, पहाटे शेतावर जाऊन येणारी, एसटी चुकणारी, इंग्रजी शब्दांना अडखळणारी, सगळीच त्यात असतील. मग कोणा एकाकडे बोट जात नाही.

काम हजेरी क्रमांकाने वाटा, आठवड्याला तिघं. एकाने फळ्यावरचं मोठ्याने वाचायचं, एकाने मागून आलेला प्रश्न फळ्यावर लिहायचा, एकाने तासाचा सारांश पाच मिनिटांत रेकॉर्ड करायचा. मुलगे आपोआप येतात. मदतीला गुण नकोत. सारांश इतिहास म्हणून बरोबर आहे का, त्याला गुण द्या. एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, फॉन्ट तपासण्याचं काम त्यात धरता येईल का ते तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अंध मुलीशी बोलले. ती म्हणाली, "रेकॉर्डिंग चालेल, पण मलाही पाळी द्या." मला हे सुचलंच नव्हतं. आता तिचा क्रमांक येईल तेव्हा सारांश तीच करेल.

चिठ्ठ्या ५७ आल्या. एकवीस जणांनी लिहिलंय की मी फार भरभर बोलते. अभ्यासक्रम संपवायची घाई मला जेवढी आहे, तेवढंच मुलांच्या हातून निसटतंय.

एक प्रश्न अजून आहे. त्या धडगावच्या मुलाने पहिला सारांश अर्धा पावरीत केला. त्याच्या गावाकडच्या मुलांनी तो दोन-तीनदा ऐकला, बाकीच्यांना अर्धाच कळला. तो पावरीत बोलायचा थांबायला नको आणि बाकीचेही सुटायला नकोत. दोन भाषांतले सारांश कोणी वर्गात चालवले आहेत का? कसे चालवले, तेवढं सांगा. त्याची पुढची पाळी दिवाळीनंतर आहे.